चार ठोक्यांची रिकामी जागा

यावाताहामा,
नोव्हेंबरचा दुसरा आठवडा

आदरणीय योशिनोअक्का यांना,

तामोत्सुचा कमरेत वाकून नमस्कार. (सध्या कंबर जेवढी वाकते तेवढाच, बाकीचा मनाने पुरा करून घ्यावा.) तुमच्याकडे ओबिहिरोला एव्हाना बर्फ सुरू झाला असेल. इकडे डोंगराच्या उतारावर संत्री पिवळी पडली आहेत आणि सगळं गाव शिड्या घेऊन झाडांवर चढलं आहे. आमचे साडूसाहेब कसे आहेत? त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडल्याचं तुमच्या कार्डावरून कळलं. त्यांनी डॉक्टरांना गुडघ्याची जुनी वाटी घरी न्यायला मागितली हे वाचून फार बरं वाटलं, म्हणजे स्वभाव शाबूत आहे. तुम्ही पाठवलेलं लोणी पोचलं. मी ते भातावर घालून खातो, ही गोष्ट डॉक्टरांना कळवू नये.

अक्का, आता मुद्द्यावर येतो. येताना जरा घाम फुटतो आहे. फेब्रुवारीपासून तुम्ही दर रविवारी सकाळी दहाला फोन करता आणि मी दर रविवारी सांगतो की, चिकाकोचा आत्ताच डोळा लागला. हे मी मोजून छत्तीस वेळा सांगितलं. तुमची धाकटी बहीण माणूस आहे की अस्वल, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, पण तुम्ही मोठ्या मनाने विचारला नाहीत. ती झोपलेली नसे. ती माझ्या समोर, आधी रुग्णालयात आणि मग घरी, फोनपासून दोन हातांवर बसलेली असे आणि मान हलवून 'नको, नको' करत असे. कारण तिला बोलता येत नव्हतं. एक शब्दसुद्धा नाही. बाजारातल्या आपल्या गाळ्यावर माशाच्या वड्या तळता तळता तिला तो झटका आला, हे तुम्हाला ठाऊक आहे. उजवा हात मे महिन्यापर्यंत बराचसा परतला, पाय तर आधीच परतला, पण वाचा नाही परतली. ऐकलेलं सगळं समजतं, मनात सगळं असतं, तोंडापाशी आलं की वाट बंद. तुम्ही फोनवर तिची ती बोलण्याची धडपड ऐकावी, हे तिला नको होतं. म्हणून मी खोटं बोललो. सदतीस वर्षं शाळेत मुलांना खोटं बोलल्याबद्दल मागच्या भिंतीशी उभं केलेला माणूस मी. आज स्वतः भिंतीशी उभा राहून हे लिहितो आहे. माफ करा.

पण घाबरू नका, कारण पुढे जे झालं त्याने माझी अक्कल ठिकाणावर आली (किंवा होती ती जागा सोडून गेली, काकेहाशीचं मत असं आहे. काकेहाशी कोण ते सांगतो).

मे महिन्यात ती रुग्णालयातून घरी आली. घरात एवढी शांतता मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. तुम्हाला माहीत आहे, या घरात बोलायचं खातं तिच्याकडे आणि ऐकायचं माझ्याकडे. आता ते उलटं झालं, आणि मला बोलता येत नाही हे माझ्या लक्षात आलं. मी दिवसभर बोलायचो, पण सगळं शाळेच्या सूचनाफलकासारखं. 'आता आपण चहा घेऊ. चहा झाल्यावर खिडकी उघडू.' वाचा-उपचार करणाऱ्या मिनोबेबाई (वय सव्वीस, पण अधिकार माझ्या मुख्याध्यापकांपेक्षा जास्त) म्हणाल्या, घरात संगीत असू द्या. मग काय! मी संगीताचा शिक्षक! कपाटातून जर्मन मंडळींच्या सगळ्या तबकड्या काढल्या आणि रोज सकाळ-संध्याकाळ एकेक महान रचना तिला ऐकवू लागलो, मधे मधे रसग्रहणासकट. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी मिनोबेबाईंना अभिमानाने सांगितलं. त्यांनी एक दिवस येऊन तिचा चेहरा नीट पाहिला आणि मला बाहेर नेऊन म्हणाल्या, 'निनोमियासर, त्या जांभई दाबताहेत.'

जूनमधल्या एका दुपारी मी स्वयंपाकघरात अंडं तळत होतो. बाहेर रस्त्यावर फळांच्या सहकारी संस्थेचा ट्रक येऊन थांबला. ट्रकात रेडिओ लावलेला, आणि रेडिओवर 'आमामोरी'. अक्का, आता इथे थोडं मागे जायला हवं. 'आमामोरी' म्हणजे गळकं छप्पर. त्रेचाळीस वर्षांपूर्वी चार पोरांनी मासळीच्या बर्फाच्या गोदामात, गळक्या पत्र्याखाली वाजवायला सुरुवात केली आणि तेच नाव बँडला दिलं. तुमची बहीण त्यांची पहिल्या दिवसापासूनची भक्त. गाळ्यावर वड्या तळताना तीच गाणी, कपडे वाळत घालताना तीच गाणी. आणि मी? मी चाळीस वर्षं त्याला 'ठोकपीट' म्हणत आलो. तीन स्वरमेळांवर जगणारी माणसं, असं मी पाहुण्यांसमोर म्हणायचो. मी खोलीत आलो की ती आवाज बारीक करायची. ती बारीक करते आहे हे मला दिसायचं, आणि मी तिला कधी 'राहू दे' म्हटलं नाही. हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला.

तर ट्रकातून 'उशीर झाला तरी ये' हे त्यांचं गाणं वाजत होतं. चांगलं दीड मिनिट वाजलं. मग ट्रक सुरू झाला, वळणावरून गेला, रेडिओ गेला. गाणं मात्र गेलं नाही. मागच्या खोलीतून येतच राहिलं, शब्दांसकट. 'उशीर झाला तरी ये, दाराला कडी नाही, भिजलास तरी ये.' मी आधी संगीत शिक्षक म्हणून ऐकलं: अर्धा स्वर खाली आहे, पण लय पक्की आहे. मग नवरा म्हणून ऐकलं. तव्यावरच्या अंड्याचं काय झालं ते आजतागायत कळलेलं नाही. मी खोलीच्या दारात गेलो तर ती गादीवर बसून खिडकीकडे बघत गात होती, आणि स्वतःच्या आवाजाने तिचे डोळे एवढे मोठे झाले होते. कडवं संपलं. तिने तोंड उघडून मला काही सांगायचा प्रयत्न केला. वाट पुन्हा बंद.

मी काय केलं असेल? मी ट्रकच्या मागे धावलो. घरातल्या सपाता, कमरेला तिचा फुलाफुलांचा एप्रन, हातात उलथनं. माझी अशी समजूत झाली की, ती जादू त्या ट्रकात आहे आणि ट्रक गेला की संपली. संत्र्यांच्या बागेपर्यंतचा तो चढ मी सदुसष्टाव्या वर्षी धावत चढलो आणि गोदामापाशी ट्रक गाठला. तोंडातून शब्द फुटेना, नुसता उलथनं हलवत राहिलो. ड्रायव्हर खाली उतरला, मला खालून वर न्याहाळलं आणि माझ्या हातात उन्हाळी संत्र्यांची पिशवी ठेवली. 'घ्या आजोबा, असं हात पसरायला लाजू नये.' मग तो थबकला. 'अरे! निनोमियासर! सर, तुम्ही?'

हा काकेहाशी. एकतीस वर्षांपूर्वी आठवीत मागच्या बाकावर होता, आता तीन बाकं लागतील. मी धापा टाकत एवढंच म्हणालो, 'ते रेडिओवरचं. आमामोरी. आहे का तुझ्याकडे?' तर तो दोन्ही हात कमरेवर ठेवून हसायला लागला. 'सर, होतं ना! कॅसेट होती. तुम्हीच जप्त केलीत. वर्गासमोर उभं करून म्हणालात, काकेहाशी, हे ऐकून तुझ्या कानात बुरशी येईल.' मला आठवत नव्हतं. त्याला तारखेसकट आठवत होतं. मग मी तिथेच, संत्र्यांच्या पेट्यांमध्ये उभा राहून, त्याला सगळं सांगितलं. तो हसायचा थांबला. म्हणाला, 'काकूंच्या गाळ्यावर मी रोज शाळेतून येताना उभा राहायचो. त्या मला एक वडी आणि एक गाणं द्यायच्या. संध्याकाळी आणतो, सगळे एकोणीस अल्बम. पण एका अटीवर, सर. नुसते काकूंसाठी नाही. तुम्हीही ऐकायचे. सगळे. मी परीक्षा घेणार.'

तर अक्का, मी एकोणीस अल्बम ऐकले. सवयीने लाल पेन घेऊन बसलो. पहिल्या अल्बमला शंभरपैकी बारा गुण दिले. वहीत शेरे आहेत: 'गायक शब्द गिळतो.' 'ढोलवाला घाईत, गाडी चुकते आहे काय?' चिकाको शेजारी बसून प्रत्येक गाण्याबरोबर गात होती, आणि मी शेरे मारत होतो. (माझ्यासारखा माणूस जगात एकटाच असावा अशी आशा आहे.) आठव्या अल्बमवर 'डब्यात अजून भात आहे' नावाचं गाणं लागलं. त्यात काही नाही हो. एक माणूस रात्री बायकोशी भांडतो, सकाळी न बोलता कामावर जातो, दुपारी डबा उघडतो, तर भात रोजच्यासारखाच दाबून भरलेला, मधोमध रोजच्यासारखंच खारवलेलं आंबट फळ. संपलं गाणं. तीन मिनिटं. स्वरमेळ तेच तीन. मी सदतीस वर्षं डबा नेला, आणि त्यातले बरेच दिवस भांडणानंतरचे होते, आणि डबा एकदाही हलका नव्हता. हे मला त्या गळक्या छपराखालच्या माणसांनी सांगावं? मी पेन खाली ठेवलं. ते अजून सापडलेलं नाही.

त्यानंतर मी नुसता ऐकत गेलो. 'पिवळा दिवा' नावाचं त्यांचं एक गाणं आहे, ते त्यांनी चोविसाव्या वर्षी म्हटलं आणि पुन्हा साठाव्या वर्षी. तेच शब्द, तेच तीन मेळ, दुसऱ्यांदा फक्त एक स्वर खाली आणि किंचित सावकाश. पहिल्यांदा तो मुलगा सिग्नलपाशी उभा राहून विचारतो आहे, थांबू का जाऊ? दुसऱ्यांदा तोच माणूस सांगतो आहे, थांबलो होतो. मी आयुष्यभर मुलांना संगीतातले बदल शिकवले, सूर बदलतो, ताल बदलतो, पट्टी बदलते. काहीही न बदलता सगळं कसं बदलतं, हे शिकवायला मला सुचलं नाही, कारण मला ते माहीतच नव्हतं. चिकाकोने माझ्या गुडघ्यावर थाप मारली, शाळेतल्या मुलाला मारतात तशी, शाबासकीची.

हळूहळू घरात गाण्यांची बोली सुरू झाली. मिनोबेबाई म्हणतात, हे खरं बोलणं नव्हे, गाण्याची वाट मेंदूत वेगळी असते, तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. पण हे सांगताना त्यांनी स्वतःच तीन पानं टिपून घेतली. भूक लागली की 'डब्यात अजून भात आहे'. मी घाई केली की 'पिवळा दिवा'. आणि मी केलेला रस्सा आवडला नाही की 'मामाची मोटरसायकल' या वाह्यात गाण्यातली ओळ: 'चालता हो, धूर घेऊन चालता हो!' ही ओळ तिने वाडीच्या मंडळाचे अध्यक्ष समाचाराला आले आणि दीड तास स्वतःच्या पोटाच्या विकाराबद्दल बोलत बसले, तेव्हा त्यांनाही ऐकवली, अगदी गोड आवाजात, टाळी वाजवून. अध्यक्ष म्हणाले, 'वा, वहिनींची प्रगती आहे!' आणि आणखी अर्धा तास बसले.

काकेहाशीने खरंच परीक्षा घेतली. ट्रकात बसवून, तोंडी. अकराव्या अल्बमचं शेवटचं गाणं कुठलं? 'मोटरसायकल'मधला मामा कुठल्या गावचा? शेवटी म्हणाला, 'पास. पण काठावर, सर. ग्रहणशक्ती बरी, वृत्ती सुधारायला हवी.' हा शेरा मी त्याच्या प्रगतिपुस्तकात लिहिला होता म्हणे. आणि त्याने खिशातून तीन तिकिटं काढली. ऑक्टोबरातला रविवार, मात्सुयामा, दुपारी तीन वाजता, आमामोरी.

मी काळा सूट आणि बो घालून गेलो. मैफलीला मी दुसरं काही घालून गेलेलो नाही. तिथे आठ हजार माणसं रेनकोट घालून आलेली! छप्पर गळतं ना, म्हणून हा रिवाज. मला लोक व्यवस्थापनाचा माणूस समजले. दोघांनी स्वच्छतागृह कुठे ते विचारलं आणि एका बाईंनी हरवलेली छत्री माझ्याकडे जमा केली. आणखी एक रिवाज असा की, एका गाण्याला सगळ्यांनी पत्र्याचं भांडं वाजवायचं, गळतीखाली ठेवतात ना, ते. काकेहाशी आदल्या दिवशी म्हणाला होता, 'सर, एक भांडं आणा.' केवढं ते बोलला नाही. मी वड्यांचं पीठ भिजवायचं नऊ लिटरचं पातेलं नेलं. बाकीच्यांकडे वाट्या होत्या. मी ते वाजवलं तेव्हा पुढच्या तीन रांगा भूकंप समजून खाली वाकल्या.

ते चौघे आले. सगळे सदुसष्ट-अडुसष्टचे, माझ्याच वर्गातले म्हणा. ढोलवाल्याच्या कमरेला कंबरदुखीचा पट्टा, अगदी माझ्या पट्ट्याच्या कंपनीचा. बास वाजवणारा, ज्याला सगळा देश 'रताळं' म्हणतो, खुर्चीवर बसूनच वाजवत होता. गायक हाकामाताचा वरचा आवाज गेलेला. मी कान टवकारले: इथे हा अडकणार. आणि तो अडकला, अक्का, वरच्या स्वराशी गेला आणि आवाज फुटला. त्याने तो लपवला नाही. माईक खाली केला, लोकांकडे पाहिलं आणि थांबला. आठ हजार माणसांनी तो स्वर त्याच्या हातून घेतला आणि वर नेऊन ठेवला. मी सदतीस वर्षं मुलांच्या समूहगानाला काठी हलवली आहे. असं समूहगान मी कधी ऐकलं नाही. माझ्या अंगावर काटा आला आणि तो सुटाच्या बाहेरून दिसत असावा, कारण काकेहाशीने माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला.

शेवटी 'खिडकी लोटून ठेव' लागलं. त्या गाण्याच्या मध्यात एक जागा आहे. सगळी वाद्यं थांबतात, चार ठोके काहीच नाही. रेकॉर्डवर मला ती चूक वाटली होती. काकेहाशी कानाशी येऊन म्हणाला, 'सर, इथे ज्याने त्याने आपल्या माणसाचं नाव घ्यायचं असतं. काकूंचं नाव घ्या. चि-का-को, तीन ठोके, चौथ्यावर श्वास.' मी मनात तालीम केली. मेळ आला, गेला, वाद्यं थांबली, आठ हजार तोंडांतून आठ हजार नावं वर उसळली. माझ्या शेजारी तुमची बहीण उभी राहिली होती, डावा हात माझ्या बाहीवर, आणि तिने म्हटलं, 'ता-मो-त्सु.' चौथ्यावर श्वास.

आठ महिन्यांनी मी माझं नाव ऐकलं. आणि आठ महिने अखंड बडबड करणाऱ्या मला तिचं नाव घेता आलं नाही. घशापाशी आलं आणि वाट बंद. तिला काय होत असेल ते मला तेव्हा समजलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, 'असू दे' अशी, आणि पुढचं कडवं म्हणायला लागली. मी काय केलं? मी पातेल्यात तोंड घातलं. दुसरी सोय नव्हती. नऊ लिटरचं आणलं ते बरंच झालं.

तर आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. येत्या रविवारी दहाला फोन करा. चिकाको उचलेल. ती बोलणार नाही, गाईल. तुम्हीही गा. 'उशीर झाला तरी ये' चे शब्द मी वेगळ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून जोडले आहेत, श्वासाच्या जागा खुणा करून दाखवल्या आहेत. साडूसाहेबांनी ठेका धरावा, पण हाताने, गुडघ्याने नको.

आपला,
तामोत्सु निनोमिया

ता. क. पत्र लिहिण्यामागे माझा दुसरा काहीही हेतू नाही. मात्र आमामोरी फेब्रुवारीत तुमच्याकडे साप्पोरोला वाजवणार आहेत आणि तिकिटं सोडतीने मिळतात, एका पत्त्यावर एकच अर्ज, त्यात तिकडच्या रहिवाशांची सोडत वेगळी निघते. तेव्हा तुम्ही एक, तुमची नणंद एक, आणि ज्यांनी साडूसाहेबांचा गुडघा बदलला ते डॉक्टर एक, असे तीन अर्ज भरावेत. डॉक्टर नाही म्हणणार नाहीत, त्यांना गुडघ्याच्या वाटीची आठवण करून द्यावी. आपण चौघे जाऊ. रेनकोट आणावेत. भांडी लहान.

ता. क. दुसरा. काल काकेहाशीने गप्पांच्या ओघात सांगितलं की, 'रताळं' हे टोपणनाव. त्या बासवाल्याचं खरं नाव तामोत्सु. चाळीस वर्षं निम्म्या देशातल्या बायका त्या चार ठोक्यांत हेच नाव ओरडतात म्हणे. मी घरी येऊन चिकाकोला स्पष्ट विचारलं: मी, की तो? ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. (या वेळी जांभई नव्हती, मी नीट पाहिलं.) मग 'पिवळा दिवा' म्हणून मोकळी झाली. मला वाटतं, मी थांबावं.

ता. क. तिसरा आणि शेवटचा, पाकीट पुन्हा उघडून. पाकीट बंद करून मी बूट घालत होतो. मागून आवाज आला. गाणं नाही, सूर नाही, ठेका नाही. कोरडा, साधा, घरातला आवाज, एकच शब्द: 'तिकीट.' मी बूट हातात घेऊन तिथेच बसलो. तीही भिंतीला धरून उभी, तोंडावर हात. पुन्हा एकदा म्हणाली, मुद्दाम, खात्री करून घ्यायला. 'तिकीट.' पाकिटावर लावायचं राहिलं म्हणून म्हणाली की साप्पोरोचं म्हणून, हे मी विचारलं नाही. पाकिटावरचं मी लावलं आहे. दुसरं तुमच्या हातात, अक्का.